मंडई पाडायच्या आधी लोकांशी काय बोलायचं, कुठे आणि कधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दीड वर्षापूर्वी तुम्ही एका नगरपरिषदेत स्थापत्य अभियंता म्हणून रुजू झालात. गावातली जुनी भाजी मंडई पाडून तिथे नवी इमारत व्हायची आहे: तळमजल्यावर भाजीचे ओटे, पहिल्या मजल्यावर गाळे, वर वाचनालय आणि सभागृह. भूमिपूजन झालं, कार्यारंभ आदेश निघायचा आहे. एवढ्यात गावात तीन गोष्टी पसरल्या. गाळे आधीच वाटून झालेत, चौकातला पिंपळ तोडणार आहेत आणि ओटेवाल्यांना बायपासला हाकलणार आहेत. मुख्याधिकारी म्हणाले, "लोकांना नीट समजावून सांगा." आता तुम्ही विचारताय की पत्रक काढू, सभा घेऊ की दोन्ही करू, आणि पत्रकं किती छापू.

मी 28 वर्षं तीन नगरपरिषदांच्या बांधकाम विभागात काढली. त्यात दोन मंडया झाल्या, एक व्यापारी संकुल, एक दवाखाना आणि एक प्रशासकीय इमारत. खाली लिहिलंय ते त्या कामांतून आलेलं आहे. तुमच्या गावाला ते जसंच्या तसं लागू पडेल असं नाही, कुठे फरक पडेल तेही सांगते.

आधी त्या "समजावून सांगा" बद्दल. मी कनिष्ठ अभियंता होते तेव्हा मलाही हेच सांगितलं जायचं आणि मी नकाशाची गुंडाळी काखेत मारून निघायचे. आपल्याला सगळं माहीत आहे, लोकांना माहीत नाही, सांगितलं की पटेल, असं मला वाटायचं. पण तुम्ही ज्यांना अफवा म्हणताय त्या तीन गोष्टी एकेक करून फाइलशी ताडून बघा. गाळेवाटपाचं धोरण ठरलंय का? सभेचा ठराव आहे का? नसेल, तर "गाळे वाटले" हे खोटं आहे असं तुम्ही कोणत्या कागदाच्या जोरावर म्हणणार? पिंपळ तुमच्या नकाशात दाखवलाय का, त्याचा बुंधा कॉलमच्या रेषेपासून किती फुटांवर येतो? तात्पुरत्या मंडईची जागा लेखी ठरली आहे का? या तिन्हींची उत्तरं तुमच्या टेबलावर नसतील, तर लोकांनी रास्त प्रश्न विचारले, कार्यालयाने उत्तर दिलं नाही आणि मग त्यांनी आपापलं उत्तर जोडून घेतलं, एवढंच झालंय. म्हणून तुमचं पहिलं काम चौकात नाही, कार्यालयात आहे.

मी एक फुलस्केप कागद घेऊन त्याचे तीन रकाने पाडायचे. पहिल्यात ठरलेल्या गोष्टी, प्रत्येकीपुढे ठरावाचा किंवा आदेशाचा क्रमांक आणि तारीख. दुसऱ्यात न ठरलेल्या गोष्टी, त्या कोण ठरवणार आणि साधारण कधी. तिसऱ्यात आपल्या हातात नसलेल्या: शासनाच्या निधीचा पुढचा हप्ता, वीज कंपनीचा खांब हलवणं, पाऊस, निवडणुकीची आचारसंहिता. हा कागद मुख्याधिकाऱ्यांपुढे ठेवून त्यावर त्यांची सही घ्यायची. सही मागितली की बऱ्याच गोष्टी पहिल्या रकान्यातून दुसऱ्यात सरकतात, हे तुम्हाला पहिल्याच वेळी दिसेल. जे "ठरलंय" असं सगळे बोलत असतात, त्यातलं बरंचसं कुणीतरी बोललेलं असतं, ठरलेलं नसतं.

न ठरलेलं लोकांना सांगावं का, असा प्रश्न तुम्हाला पडेल. सांगावं. "गाळेवाटप कसं करायचं हे अजून ठरलेलं नाही, ते सर्वसाधारण सभेत ठरेल, जुन्या गाळेधारकांचं म्हणणं त्याआधी लेखी घेतलं जाईल" हे वाक्य ऐकून लोक नाराज होतात, पण विश्वास ठेवतात. "सगळ्यांना न्याय मिळेल" हे ऐकून ते नाराज होत नाहीत आणि विश्वासही ठेवत नाहीत.

याची किंमत मी मोजलेली आहे. माझ्या पहिल्या मंडईच्या वेळी एका सभेत एका म्हाताऱ्या माळीबाबांनी विचारलं, "बाई, किती दिवस लागतील?" निविदेतली मुदत आठ महिन्यांची होती, म्हणून मी "आठ महिने" म्हणाले. पायाच्या खोदाईत जुनी विहीर लागली, पायाचं डिझाइन बदललं, सुधारित अंदाजपत्रकाची मान्यता अडकली, मध्ये एक निवडणूक आली. इमारत उभी राहायला दोन वर्षांवर काळ गेला. बाबा दर बाजारी मला दिसले की काही बोलायचे नाहीत, नुसती बोटं मोजायचे. मी खोटं बोलले नव्हते, पण मुदत ही ठेकेदारावर घातलेली अट असते, लोकांना दिलेला शब्द नसतो, हा फरक मला त्या वेळी कळायला हवा होता. त्यानंतर मी कधीही एकच तारीख सांगितली नाही. "निविदेत आठ महिने आहेत. पावसाळा मध्ये आला तर दोन-तीन महिने वाढतात. पायात काही निघालं तर आणखी वाढतात, आणि तसं निघालं की आठवड्याच्या आत इथे फलकावर लिहीन," असं सांगायचे. लांबलचक आहे, पण नंतर मान खाली घालावी लागत नाही.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. ओटेवाल्यांकडे करारनामे आहेत की नुसत्या भुईभाड्याच्या पावत्या, यावर त्यांचा हक्क आणि तुमची भाषा दोन्ही ठरतं. मंडईच्या बाहेर रस्त्यावर बसणाऱ्यांना पथविक्रेता अधिनियम 2014 लागू होतो. प्रमाणपत्र असलेल्या विक्रेत्याला 30 दिवसांची नोटीस दिल्याशिवाय हलवता येत नाही, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे निवडून आलेले असावे लागतात. पन्नास वर्षांहून जास्त काळ भरणाऱ्या बाजाराला तर या कायद्यात जास्तीचं संरक्षण आहे, तेव्हा तुमची मंडई किती जुनी आहे आणि तिच्या भोवतीचा बाजार किती जुना आहे, हे आधी रेकॉर्डला बघून घ्या. समिती कागदावरच असेल तर आधी ती बोलवायला लावा. तुम्ही अभियंता आहात, हे काम तुमचं नाही असं कुणी म्हणेल. पण पत्रे ठोकायच्या दिवशी तिथे उभं तुम्हालाच राहायचंय.

दुसरं, गावात निवडून आलेले सदस्य आहेत की प्रशासक. मध्यंतरी राज्यात बऱ्याच ठिकाणी वर्षानुवर्षं प्रशासक होते. अशा वेळी लोकांना जाऊन विचारायला प्रभागातलं कुणी नसतं, सगळे प्रश्न थेट कार्यालयावर येतात. नगरसेवक असतील तर त्यांना लोकांच्या एक दिवस आधी तरी सगळं कळलं पाहिजे. नगरसेवकाला रस्त्यावर कुणी विचारलं आणि त्याला माहीत नसलं, तर तो "मला विचारात घेतलं नाही" म्हणणार. तिथून काम पक्षाचं होऊन बसतं.

आता बोलायचं कुणाशी आणि कोणत्या क्रमाने. माझा क्रम असा: ज्यांचं पोट त्या जागेवर आहे ते पहिले, ज्यांची भिंत त्या जागेला लागून आहे ते दुसरे, मग रोजचं गिऱ्हाईक, आणि सगळ्यात शेवटी सगळं गाव. आपल्याकडे बहुतेक वेळा हे उलटं होतं. आधी भूमिपूजनाचा फ्लेक्स लागतो, मग वर्तमानपत्रात बातमी येते आणि ओटेवालीला कळतं ते कांद्याच्या गिऱ्हाइकाकडून.

ओटेवाल्यांना सभागृहात बोलावू नका. दुपारी चारची सभा म्हणजे त्यांच्या संध्याकाळच्या धंद्याची तयारी. तुम्ही मंडईत जा. पहाटे जाऊ नका, तेव्हा लिलाव आणि माल उतरवणं चाललेलं असतं. दुपारी दोन ते साडेतीन या वेळात गिऱ्हाईक पातळ असतं, बायका डबा खाऊन पालेभाजीवर पाणी शिंपडत बसलेल्या असतात. तेव्हा खाली बसून बोला, उभं राहून नको. आणि बाजाराच्या दिवशी एकदा वेगळं जा, कारण खेड्यांवरून पाटी घेऊन येणाऱ्या बायका तुमच्या यादीत नसतात. त्यांच्या नावे पावतीपुस्तकात रोजची एक फाटकी पावती असते, बस्स. मंडई पाडल्यावर पहिल्यांदा बाहेर पडतात त्या याच.

एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण त्यातून मी सगळ्यात जास्त शिकले. दुसऱ्या मंडईच्या वेळी नकाशा मंजूर होता, ओटा चार बाय चार फुटांचा होता. मी नकाशा घेऊन गेले, भिंतीवर लावला, बोट ठेवून समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. निघताना वाटलं, यांना यातलं काही दिसलेलंच नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या मुकादमाला घेऊन गेले आणि मंडईमागच्या मोकळ्या जागेत फक्कीने, म्हणजे चुन्याच्या भुकटीने, ओट्यांची एक अख्खी रांग खऱ्या मापाने आखली. चार बाय चार, पुढे सहा फुटांची वाट, समोर पुन्हा ओटे. मग म्हटलं, बसून बघा.

एक मावशी उठल्या, पाटी घेऊन त्या चौकोनात जाऊन बसल्या. मेथीच्या जुड्या मांडल्या, कोथिंबिरीचा ढीग केला, तराजू ठेवला, मागे गोणपाटात गुंडाळलेला उरलेला माल. आणि पाण्याची बादली चौकोनाच्या बाहेर गेली. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या बादलीकडे बघत राहिल्या. मग शेजारच्या चौकोनात दुसरी बसली, तेव्हा पहिलीची बादली तिच्या वांग्यांवर आली. तिथून बायका बोलायला लागल्या. ओटा अडीच फूट उंच ठेवताय, दिवसातून दहा वेळा उतरते मी, गुडघे राहतील का? या रांगेचं तोंड मावळतीला आहे, चार वाजल्यापासून ऊन थेट पालेभाजीवर येईल. गोणपाटातलं पाणी ठिबकून जाणार कुठे, पुढच्या वाटेवर? मग गिऱ्हाईक घसरणार. नकाशावर तासभर मान डोलावणाऱ्या बायकांनी वीस मिनिटांत मला इतक्या चुका दाखवल्या.

आम्ही ओटा चार बाय पाच केला, पुढे एक पायरी दिली, मागे पन्हळ काढली आणि पालेभाजीची रांग उगवतीच्या बाजूला नेली. जिना आणि मागची मार्गिका पुन्हा बसवून ओट्यांची संख्या तीच ठेवली. हा बदल चुन्याच्या रेषेवर झाला म्हणून फुकटात झाला. काँक्रीट झाल्यावर झाला असता तर तोडफोड, जादा खर्च, लेखापरीक्षणाचा आक्षेप असं सगळं आलं असतं. आणि आणखी एक झालं, जे मी ठरवून केलेलं नव्हतं. त्या दिवसानंतर मंडईत कुणी "नगरपालिकेची इमारत" म्हणेना. "आमच्या ओट्याला पायरी घेतलीय" असं त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या. माझ्या कुठल्याही पत्रकाने हे झालं नसतं.

तेव्हा तुमच्या मुख्याधिकाऱ्यांना सांगा की कार्यारंभ आदेशाआधी एक दिवस फक्कीसाठी द्या. मात्र एक पथ्य पाळा. बदल करायला खरंच वाव असेल तरच हे करा, आणि कशात वाव आहे ते आधी सांगा. "ओट्याचं माप, तोंड, पायरी, पाणी यात बदल होऊ शकतो. इमारतीची जागा आणि मजले आता बदलत नाहीत." सगळं ठरवून झाल्यावर मत विचारायला जाणं यापेक्षा न विचारणं परवडलं. लोक मत देतात, त्याचं काहीच होत नाही, आणि पुढच्या कामाला ते येतही नाहीत.

ठेकेदाराच्या वास्तुविशारदाने काढलेलं ते रंगीत थ्रीडी चित्र फ्लेक्सवर लावू नका, निदान सुरुवातीला तरी. त्यात काचा चमकतात, रिकामे रस्ते असतात, नसलेली झाडं असतात आणि हातगाडी एकही नसते. भाजीवाली ते चित्र बघते आणि त्यात स्वतःला शोधते. ती त्यात नसते. मग ती म्हणते, आपल्याला काढणार. तुमच्या गावातली "बायपासला हाकलणार" ही गोष्ट अशाच एखाद्या चित्रावरून सुरू झाली असेल तर मला नवल वाटणार नाही. त्याऐवजी एक साधं रेखाचित्र लावा: मंडईच्या दारातून आत उभं राहिलं तर काय दिसेल. ओटे, माणसं, पाट्या, डावीकडे पाण्याचा नळ, उजवीकडे संडास. संडास कुठे आहे हे बायका सगळ्यात आधी विचारतात आणि आपण ते सगळ्यात शेवटी सांगतो.

पिंपळाचं वेगळं. राज्यात शहरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे. झाड तोडायचं तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाडावर नोटीस लावून हरकती मागवाव्या लागतात. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष धरलं जातं. पण कायदा सांगून चौकातल्या माणसाचं समाधान होत नाही. तुम्ही टेप धरून बुंध्यापासून खोदाईच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा, फांद्यांचा घेर जमिनीवर आखा, आणि झाड राहणार असेल तर त्या घेरावर खुंट्या ठोकून त्यांना पांढरा रंग द्या. जवळ एक पाटी लावा: "खोदाई या रेषेच्या आत येणार नाही." रोज संध्याकाळी पारावर बसणारी मंडळी त्या खुंट्यांची राखण तुमच्या पहारेकऱ्यापेक्षा चांगली करतील. आणि झाड जाणार असेल, तर तेही आत्ताच सांगा, कारणासकट. एखाद्या सकाळी अचानक करवत लागली, तर त्या इमारतीबद्दल तुम्ही नंतर जे काही सांगाल ते कुणी ऐकणार नाही.

आता शेजारी. जुन्या मंडईला लागून जुनी घरं असणारच, मातीत बांधलेल्या दगडी भिंती, लाकडी माळे. खोदाई सुरू झाली की प्रत्येक जुनी भेग नवी वाटायला लागते, आणि काही खरंच नवी असतात. म्हणून यंत्र यायच्या आधी शेजारच्या प्रत्येक घरात जा. मालकासोबत फिरून प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, भेगा मोजून लिहा, दोघांच्या सह्या घ्या, एक प्रत त्यांना द्या. मोठ्या भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसने काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवा आणि तिच्यावर तारीख घाला. भेग हलली तर काच तडकते. त्यात वादाला जागा राहत नाही, त्यांनाही आणि आपल्यालाही. एका घरी आजोबा रोज सकाळी देवपूजा झाली की त्या काचेवरून बोट फिरवून बघायचे. दीड वर्ष काच शाबूत राहिली आणि ते स्वतः शेजाऱ्यांना सांगायचे, काही होत नाही.

शेजाऱ्यांना बाकी काय हवं असतं? ट्रक कधी येणार, पाणी कधी बंद, धूळ किती. आवाजाच्या नियमांत रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. स्लॅबचं काँक्रीट मात्र एकदा सुरू झालं की मध्येच थांबवता येत नाही, कधीकधी दहा ओलांडतात. ते उशिरापर्यंत चालेल असं वाटत असेल तर परवानगी आणि बाकी सोपस्कार आधी पुरे करा आणि आदल्या दिवशी घरोघरी जाऊन सांगा. परीक्षेचे दिवस, कुणाकडे आजारी माणूस, कुणाकडे लग्न, हे त्या फेरीतच कळतं.

जाहीर सभा मी रद्द करा म्हणत नाही, पण ती या सगळ्यानंतर घ्या. आधी घेतली तर तिथे पहिल्यांदाच सगळे भेटतात आणि पहिल्यांदाच सगळे भांडतात. व्यासपीठ नको, हार नको. सुरुवातीला तो तीन रकान्यांचा कागद मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा आणि दहा मिनिटांत वाचून दाखवा. मग माइक लोकांकडे. प्रत्येक प्रश्न समोरच्या फळ्यावर, विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहा. उत्तर असेल तर तिथेच द्या, नसेल तर पुढे तारीख घाला. जो मोठ्याने बोलतो त्याला थांबवायच्या भानगडीत पडू नका, त्याचा प्रश्न फळ्यावर लिहिला की तो बहुतेक वेळा खाली बसतो. मात्र बायकांचे प्रश्न हाताने मागून घ्यावे लागतात. मी आधी मंडईत बोलून ठेवलेल्या दोघीतिघींना सांगून ठेवायचे, "तुम्ही परवा मला जे विचारलंत तेच तिथे विचारा."

सभेचं इतिवृत्त आठवड्याच्या आत मंडईत लावा, विरोधी मतासकट. विरोध कागदावर घ्यायला आपले लोक कचरतात. पुण्याच्या मंडईचं उदाहरण मी यासाठी नेहमी देते. शनिवारवाड्यासमोर उघड्यावर बाजार भरायचा, त्यासाठी नगरपालिकेने बांधलेली इमारत 1886 मध्ये सुरू झाली आणि तेव्हाच्या गव्हर्नरच्या नावाने रे मार्केट म्हणून ओळखली जाऊ लागली. जोतीराव फुले 1876 ते 1882 या काळात नगरपालिकेचे सदस्य होते. मंडईवर एवढा पैसा घालण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्च करा, असं म्हणून त्यांनी या कामाला विरोध केला होता. पुढे त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई हे नाव मिळालं. तो विरोध कागदावर उतरला म्हणून आज आपल्याला माहीत आहे. तुमच्या गावात कुणी म्हणालं की "मंडई कशाला, आधी गटारं करा", तर ते लिहून घ्या. तो माणूस कामाचा शत्रू नाही, त्याच्या दारात खरंच पाणी तुंबलेलं असतं.

कागदपत्रांबद्दल एक. माहितीचा अधिकार अधिनियम 2005 मधलं कलम 4 बहुतेक कार्यालयांत कुणी उघडून बघत नाही. लोकांवर परिणाम करणाऱ्या निर्णयांची माहिती अर्जाची वाट न बघता आपण होऊन जाहीर करायची आणि बाधितांना निर्णयाची कारणं द्यायची, असं त्यात स्पष्ट आहे. अंदाजपत्रकाचा गोषवारा, कार्यारंभ आदेश आणि मंजूर नकाशा यांच्या प्रती कामाच्या जागी आणि वाचनालयात ठेवा. माझा अनुभव असा की त्यानंतर अर्ज कमी झाले आणि जे आले ते नेमके आले.

काम सुरू झाल्यावर पत्र्याच्या कुंपणावर एक काळा फलक लावा, खडूने लिहायचा. छापील फलकावर प्रकल्पाचं नाव, रक्कम, ठेकेदार, मुदत हे असतंच, पण ते दोन वर्षं तसंच राहतं आणि कुणी वाचत नाही. खडूच्या फलकावर दर सोमवारी तीन-चार ओळी: गेल्या आठवड्यात काय झालं, या आठवड्यात काय होणार, काही अडलं असेल तर का. "या आठवड्यात काम बंद. सळईचा माल आलेला नाही. गुरुवारी अपेक्षित." असं लिहायला ठेकेदार आणि वरिष्ठ दोघेही का-कू करतात. तरी लिहा. बंद पडलेलं काम सगळ्यांना दिसतंच, त्यामागचं कारण तेवढं दिसत नाही. त्याच फलकाचा फोटो दर सोमवारी प्रभागांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. ग्रुपवर वाद घालू नका. तिथे कुणी काही विचारलं तर उत्तर पुढच्या सोमवारी फलकावर द्या, तेच सगळ्यांना एकदम मिळतं. आचारसंहिता लागली की नव्या घोषणा थांबतात, पण सुरू असलेलं काम चालू राहू शकतं. हे लोकांना माहीत नसतं, तेव्हा तेही एकदा लिहून टाका.

आणि फलकावर तुमचं नाव, हुद्दा आणि भेटायची वेळ असू द्या. कार्यालयाचा फोन नंबर पुरत नाही. मी मंगळवार-शुक्रवार दुपारी दोन ते तीन मंडईत एका खोक्यावर बसायचे. पहिले दोन महिने रोज दहा-बारा जण यायचे, नंतर एखाददुसरा. पण मी तिथे असते, हे सगळ्यांना माहीत होतं.

तात्पुरत्या मंडईचं राहिलं. ती तयार झाल्याशिवाय जुनी पाडू देऊ नका, आणि तयार म्हणजे पाणी, दिवे, संडास आणि वर पत्रा. तुमच्या हातात ते नाही असं वाटेल, पण क्रम अभियंताच सुचवतो. परत येताना कुणाला कुठला ओटा, याची यादी हलवायच्या आधी करा. प्रत्येकाला त्याचा जुना ओटा क्रमांक, भुईभाड्याची शेवटची पावती आणि नव्या इमारतीत ओटा मिळण्याबाबतचं मुख्याधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र हातात द्या. एका भाजीवाल्या आजींनी ते पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कनवटीला लावलेलं मी पाहिलंय, दोन वर्षं.

आता पत्रकं किती छापायची ते. मंडईत जेवढे ओटे, गाळे आणि पाटीवाल्या आहेत तेवढी, अधिक लागून असलेली घरं, अधिक पन्नास. तुमच्या गावात तो आकडा तीनशेच्या आसपास येईल असं धरते. एका बाजूला तो तीन रकान्यांचा मजकूर, दुसऱ्या बाजूला दारातून दिसणाऱ्या मंडईचं चित्र, अक्षर मोठं, नेत्यांचे फोटो नकोत. पेपरात घालून वाटू नका. स्वतः एकेकाच्या हातात द्या, ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा, आणि ते काय विचारतात ते आपल्या वहीत लिहून आणा. तीन दुपारी लागतील. फक्कीचं पोतं आणि टेप त्याच फेरीत बरोबर न्या.